पीबेरी कॉफी घरच्या कढईत भाजताना

कॉफीचे पिकलेले लाल फळ बोटांत दाबले की आतून सहसा दोन बिया निघतात. एकमेकींना टेकून वाढल्यामुळे दोन्हींची एक बाजू सपाट झालेली असते. काही फळांत मात्र दोनांपैकी एकच बी धरते, आणि जागेला वाटेकरी न उरल्यामुळे ती सर्व बाजूंनी गोलसर, जवळजवळ वाटाण्यासारखी भरते. हीच पीबेरी. पिकात तिचे प्रमाण साधारण शेकडा 5 ते 10 एवढेच असल्याने ती वेगळी काढून वेगळ्या नावाने विकतात. माटुंग्यात किंवा बंगळुरूत फिल्टर कॉफीची पूड समोर दळून देणाऱ्या दुकानांत ‘पीबी’ हे जे नाव ऐकू येते, ते हिचेच.

दोन बियांचे सत्त्व एकीत उतरते म्हणून पीबेरीची चव दुप्पट असते, असे विकणारे हमखास सांगतात. मला ते पटत नाही. कॉफीची चव तिच्या वाणावर, मळ्याच्या उंचीवर, फळ पूर्ण पिकल्यावर तोडले की नाही यावर आणि तोडल्यानंतर ते कसे धुतले, कसे वाळवले यावर ठरते. बी एक की दोन यावर नव्हे. तरीही घरी कॉफी भाजायला शिकणाऱ्याने पीबेरीपासूनच सुरुवात करावी असे मी आग्रहाने सांगते, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे: हा दाणा कढईत लोळतो. शेंगदाणे भाजताना आपण पाहतोच की ज्यांच्या पाकळ्या सुट्या झाल्या आहेत ते आधी करपतात, कारण ते सपाट बाजूवर बसून राहतात. अख्खे दाणे मात्र गडगडत फिरतात आणि सारखे भाजले जातात. कॉफीच्या चपट्या दाण्याचे आणि पीबेरीचे नाते नेमके तसेच आहे.

दाणे कोणते घ्यावेत

‘पीबी’ ही प्रतवारी आहे, जात नव्हे, आणि नवखा ग्राहक फसतो तो इथेच. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती. धुऊन तयार केलेल्या अरेबिकाला भारतीय कॉफीच्या व्यापारात ‘प्लांटेशन’ म्हणतात, धुऊन तयार केलेल्या रोबस्टाला ‘पार्चमेंट’, आणि फळ अख्खेच वाळवून मग साल काढलेल्या कॉफीला ‘चेरी’. या सगळ्यांत पीबी निघते. रोबस्टात कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते आणि तिची चवही अधिक कडवट, जड असते, त्यामुळे पिशवीवर नुसते ‘पीबेरी’ लिहिलेले असेल तर आत काय आहे हे अजिबात कळत नाही. अरेबिका की रोबस्टा, धुतलेली की न धुतलेली, कोणत्या भागातली आणि कोणत्या हंगामातली, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पहिल्या काही वेळांसाठी चिकमगळूर किंवा कोडगू भागातली ‘प्लांटेशन पीबी’ अर्धा किलो घ्यावी. (चिकमगळूरजवळच बाबाबुदनगिरीची रांग आहे, जिथे सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनमधल्या मोखा बंदरातून आणलेल्या सात बिया लावल्या अशी परंपरा आहे.) धुतलेल्या कॉफीचा रंग भाजताना एकसारखा बदलतो, त्यामुळे डोळ्यांना शिकणे सोपे जाते, ‘चेरी’चा दाणा मुळातच पिवळसर असतो, फोलपटेही जास्त काढतो आणि रंगाबद्दल नवख्याला गोंधळात टाकतो. कर्नाटकात अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत होते, त्यामुळे नव्या हंगामाचा माल फेब्रुवारी-मार्चनंतर मिळू लागतो. महाराष्ट्रात चिखलदऱ्यालाही कॉफी होते, पण तिच्यातली पीबेरी वेगळी काढून विकलेली माझ्या पाहण्यात आलेली नाही.

चांगला कच्चा दाणा हिरवट-करडा, टणक आणि वाळल्या गवतासारख्या वासाचा असतो. कुबट वास आला तर तो माल परत करावा, कारण तो वास भाजून जात नाही. कच्चे दाणे कोरड्या, हवाबंद डब्यात नऊ-दहा महिने सहज टिकतात, मात्र मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात डबा उघडा राहता कामा नये. मलबार किनाऱ्यावर कच्चे दाणे मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर पसरून फुगवतात आणि ‘मॉन्सून्ड मलबार’ ही निराळी कॉफी तयार करतात. पण ते देखरेखीखाली, ठरलेल्या पद्धतीने होते. आपल्या स्वयंपाकघरात ओलावा लागलेल्या दाण्याला फक्त बुरशी येते.

निवडणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग रंग एकसारखा का आला नाही म्हणून चिंता करत बसतात. थालीपिठाच्या भाजणीसाठी आपण बाजरी, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, उडीद हे सगळे एकत्र कढईत टाकत नाही. प्रत्येक धान्य वेगळे भाजतो, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. पीबेरी वेगळी काढण्यामागे हेच तत्त्व आहे. तिच्यात चपटे दाणे मिसळलेले राहिले तर वेगळी काढण्याचा सगळा उपयोग वाया जातो.

माझ्या पहिल्या पिशवीत जवळजवळ एक चतुर्थांश दाणे चपटे निघाले होते, आणि ते मला भाजून झाल्यावर लक्षात आले: गोल दाणे छान तांबूस झालेले आणि चपट्यांच्या पाठीवर काळे ठिपके. तेव्हापासून मी प्रत्येक पिशवी आधी ताटात ओतून पाहते. स्टीलचे मोठे ताट घ्यावे, त्यात मूठभर दाणे टाकावेत, ताट एका बाजूने चार बोटे उचलून खालून हलके थोपटावे. गोल दाणे घरंगळत खालच्या काठाशी जमतात आणि चपटे जागच्या जागी बसून राहतात. दीडशे ग्रॅम दाण्यांना दहा मिनिटे पुरतात. त्याच वेळी काळे पडलेले, फुटके, शिंपल्यासारखे पोकळ आणि किडीचे बारीक भोक असलेले दाणे हाताने वेचून टाकावेत. एक काळा, सडका दाणाही अख्ख्या पेल्याला वास लावू शकतो.

भांडी आणि जागा

जाड बुडाची लोखंडी कढई सर्वांत चांगली. पातळ ॲल्युमिनियमच्या कढईत आच एका जागी लागते. नॉनस्टिक भांडे मुळीच वापरू नये, कारण कॉफी भाजताना भांड्याचे बूड जिथपर्यंत तापते तिथे त्याचा लेप खराब होऊन घातक धूर सोडू शकतो. हलवायला लांब दांड्याचा लाकडी कलथा, गार करायला स्टीलच्या दोन मोठ्या चाळण्या, फोलपटे काढायला सूप, ग्रॅम दाखवणारा लहान काटा, घड्याळ आणि वही एवढे पुरे. दाण्याचे तापमान मोजण्यासाठी लांबून रोखायचे यंत्र मिळते, पण ते फक्त वरच्या पृष्ठभागाचे तापमान सांगते आणि ढवळत्या कढईत तो आकडा सारखा उड्या मारतो. सुरुवातीला कान आणि नाक यांच्यावरच विसंबावे.

धूर होणार हे गृहीत धरावे. खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट चालू, स्वयंपाकघराचे आतले दार बंद. शक्य असेल तर गॅलरीत लहान शेगडी. दोरीवरचे कपडे आधी काढून घ्यावेत, कारण कॉफीचा धूर कपड्यांत दोन दिवस राहतो. कढईवर बसेल असे झाकण हाताशी ठेवावे. दाण्यांनी किंवा फोलपटांनी पेट घेतलाच तर गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवावे, पाणी ओतू नये. आणि एकदा दाणे कढईत पडले की शेवटपर्यंत तिथून हलायचे नाही: फोन नाही, दारावरची घंटा नाही. सगळा खेळ बारा-तेरा मिनिटांचा आहे, आणि त्यातल्या शेवटच्या दोन मिनिटांत अर्ध्या मिनिटाचाही फरक पडतो.

भाजणे

दीडशे ग्रॅम दाणे मोजून घ्यावेत. कढईच्या तळाशी दाण्यांचे दोन थरांपेक्षा जास्त थर होऊ नयेत, म्हणून कढई लहान असेल तर शंभर ग्रॅमच घ्यावेत. तेल, तूप, साखर काहीही घालायचे नाही. कढई मध्यम आचेवर तीन-चार मिनिटे कोरडी तापू द्यावी. पाण्याचा थेंब टाकताच चुर्र होऊन उडून गेला की ती तयार आहे. मग दाणे टाकावेत आणि त्याच क्षणी घड्याळ लावावे.

पहिली चार-पाच मिनिटे फक्त पाणी उडण्याची असतात. कच्च्या दाण्यात शेकडा 10 ते 12 ओलावा असतो आणि तो गेल्याशिवाय पुढचे काही घडत नाही. कलथा सतत, एका लयीत फिरता ठेवावा: तळातून वर, कडेकडून मध्ये. दाणे हिरव्याचे फिके पिवळे होतात, वास आधी वाळल्या गवताचा येतो आणि मग भाकरीचा पापुद्रा शेगडीवर फुगताना येतो तसा. इथे घाई करून आच वाढवण्याचा मोह होतो, तो टाळावा. गोल दाण्यात उष्णतेला मधल्या गाभ्यापर्यंत सर्व बाजूंनी सारखाच प्रवास करावा लागतो. आच फार वाढवली तर बाहेरून तांबूस आणि आतून कच्चा असा दाणा तयार होतो, आणि वरून पाहून ते कळत नाही. पण आच फार मंदही नको. सहा मिनिटांनंतरही दाणे हिरवट दिसत असतील तर ती थोडी वाढवावीच लागते.

पाचव्या-सहाव्या मिनिटापासून पिवळ्याचा बदामी आणि बदामीचा तपकिरी रंग होत जातो. दाण्याचे तापमान दीडशे अंश सेल्सियसच्या पुढे गेल्यावर आतली साखर आणि अमिनो आम्ले यांची एकमेकांशी क्रिया सुरू होते, आणि कॉफीचा म्हणून जो वास आपण ओळखतो त्याचा मोठा भाग इथेच तयार होतो. दाण्यावरची पातळ रुपेरी साल सुटून कढईत उडू लागते. पीबेरीची आणखी एक खूण याच वेळी दिसते. तिच्या पोटावरून जी एक अरुंद चीर गेलेली असते, तिच्यात ही साल दुमडून खोलवर अडकलेली असते. दाणा फुगू लागला की चीर किंचित उघडते आणि त्या फटीत फिकट सोनेरी रेघ दिसू लागते. ती रेघ दिसली की पुढच्या पायरीला फार वेळ उरलेला नाही असे समजावे.

आता आच थोडी कमी करावी, साधारण पाचवा हिस्सा. याचे कारण असे की पुढे येणाऱ्या टप्प्यात दाणा स्वतःही थोडी उष्णता बाहेर टाकतो, आणि आच तशीच राहिली तर सगळे हाताबाहेर जाते. नवव्या-दहाव्या मिनिटाच्या सुमारास, दाणा साधारण 196 ते 205 अंशांवर असताना, आत कोंडलेली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड वायू त्याला आतून फोडतात. कॉफी भाजणारे याला ‘फर्स्ट क्रॅक’ म्हणतात. आवाज ज्वारीच्या लाह्या फुटताना येतो तसा, ठसठशीत आणि सुटा सुटा. आधी एक, मग थांबून दुसरा, मग पाठोपाठ. एकटा-दुकटा दाणा सगळ्यांत आधी फुटतो, तो मोजायचा नाही. सलग आवाज सुरू झाला की घड्याळात पाहून ती वेळ वहीत लिहावी. सगळ्या भाजण्यात हीच एक नोंद सर्वांत मोलाची आहे.

हे आवाज पीबेरीत मला नेहमी एकत्र गोळा झाल्यासारखे ऐकू येतात, कारण निवडलेले दाणे आकाराने सारखे असतात आणि लोळत असल्याने सारखे तापतात. मिसळीच्या मालात हाच टप्पा लांबत जातो, आणि नवख्याला तो कधी संपला हेच कळत नाही.

कधी उतरवावे

सलग आवाज सुरू झाल्यापासून दीड मिनिटाने दाणे उतरवले तर दालचिनीपेक्षा थोडी गडद, आंबटसर, फळांच्या वासाची कॉफी मिळते. बिनदुधाची पिणाऱ्यांना ती आवडते. दुधाच्या फिल्टर कॉफीसाठी मात्र दोन ते अडीच मिनिटे थांबावे. तोवर पहिला आवाज विरतो, थोडी शांतता पसरते, धूर निळसर आणि दाट होऊ लागतो. त्यानंतर, साधारण 225 अंशांच्या आसपास, दुसरा आवाज येतो. तो बारीक आणि भरभर असतो, फोडणीत मोहरी तडतडते अगदी तसा. लाह्या आणि मोहरी हा फरक कानात पक्का बसवला की यंत्राची गरज उरत नाही. दुधाच्या कॉफीसाठी मोहरीचे पहिले दोन-चार तडतडाट ऐकू येताच कढई उतरवावी. त्यापुढे गेलो तर दाण्यावर तेल सुटते, वाणाची ओळख पुसली जाते आणि फक्त करपट कडूपणा उरतो. ‘प्लांटेशन पीबी’सारखा चांगला माल इतका काळा करणे मला तरी त्याच्यावर अन्याय वाटतो.

पहिल्या घाण्यात दोन आवाजांच्या मधल्या शांततेतच उतरवावे. थोडे कमी भाजले गेले तरी पिता येते, करपलेले येत नाही.

गार करणे

गॅस बंद केला म्हणजे भाजणे थांबले असे नव्हे. तापलेला दाणा आपल्याच उष्णतेवर पुढे भाजत राहतो. पहिल्याच वेळी मी गरम दाणे तसेच झाकणाच्या डब्यात भरून ठेवले होते. उतरवताना त्यांचा रंग हवा तसाच होता. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तेव्हा ते कितीतरी गडद झालेले होते आणि झाकणाच्या आत वाफेचे थेंब जमले होते. तो सगळा माल फुकट गेला.

म्हणून दाणे ताबडतोब चाळणीत ओतावेत, टेबलफॅनसमोर उभे राहून एका चाळणीतून दुसरीत उंचावरून ओतत राहावे आणि चार मिनिटांच्या आत ते हाताला कोमट लागतील इतके गार करावेत. फोलपटे वाऱ्याने उडतात, त्यामुळे हे काम गॅलरीत किंवा अंगणात करावे. उरलेली फोलपटे सुपात घालून पाखडावीत. पीबेरीच्या चिरेत अडकलेली साल मात्र पाखडूनही जात नाही, आणि ती काढण्याच्या मागे लागण्याचीही गरज नाही. चवीवर तिचा जाणवण्याजोगा परिणाम होत नाही.

गार झाल्यावर वजन करावे. दीडशे ग्रॅमचे 126 ते 129 ग्रॅम भरले, म्हणजे शेकडा 14 ते 16 घट आली, तर ते मीडियम रोस्ट झाले. घट 12 पेक्षा कमी असेल तर दाणा बहुधा कच्चा आहे, 18 च्या वर गेली तर गडद. रंग उजेडाप्रमाणे फसवतो, काटा फसवत नाही.

मग एक दाणा सुरीने चिरेवरूनच उभा कापावा आणि दोन फाका उजेडात धराव्यात. बाहेरचा आणि गाभ्याचा रंग जवळजवळ सारखा हवा, गाभा किंचित फिका चालतो. गाभ्यात पिवळट ठिपका राहिला असेल तर सुरुवातीची आच जास्त होती. दुसरा दाणा दाताखाली फोडून पाहावा: तो कुरकुरीत तुटला पाहिजे, चिवट लागता कामा नये.

मुरू देणे

ताज्या भाजलेल्या दाण्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, आणि तो असेपर्यंत पाणी पुडीत नीट शिरत नाही. म्हणून पहिले बारा ते चोवीस तास बरणीचे झाकण सैल ठेवावे, नंतर घट्ट लावावे. फिल्टर कॉफीला तिसऱ्या दिवसापासून चांगली चव येते आणि माझ्या अनुभवात पाचवा ते बारावा दिवस सर्वांत उत्तम. महिन्याच्या आत दाणे संपवावेत. फ्रिजमध्ये ठेवू नयेत, तिथला वास आणि दमटपणा दोन्ही लागतात. पूड लागेल तेवढीच, लागेल तेव्हाच करावी. मिक्सरमध्ये करायची असेल तर दोन-दोन सेकंद थांबत फिरवावा म्हणजे पूड तापत नाही. पहिल्या वेळी चिकोरी (फिल्टर कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) अजिबात घालू नये. आपण काय भाजले आहे ते आधी कळू द्यावे.

चुकले तर

कॉफी आंबट आणि कच्च्या शेंगांसारखी लागली तर पुढच्या वेळी पहिल्या आवाजानंतर अर्धा मिनिट जास्त द्यावे. कडू आणि राखेसारखी लागली तर अर्धा मिनिट कमी करावे. दाण्यांवर काळे ठिपके आले असतील तर कढई आधी फार तापली होती किंवा कलथा थांबला होता. सगळ्यांत ओळखायला अवघड दोष म्हणजे सपाट, पावासारखी चव: ना आंबट, ना कडू, ना वास. हे बहुधा पहिल्या आवाजाच्या वेळी आच एकदम खूप कमी केल्याने होते. दाणा भाजण्याऐवजी नुसता तापत बसतो. आच कमी करावी, पण आवाज मध्येच थांबेल इतकी नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत लिहावी: दाण्यांचे वजन, आच कितपत, पिवळे कधी झाले, पहिला आवाज कधी, उतरवले कधी, शेवटचे वजन. त्याच दिवशी दुसरा घाणा करायचा असेल तर कढई आधीच पूर्ण तापलेली असते, म्हणून सगळ्या वेळा एक-दीड मिनिट अलीकडे येतात. अशा वेळी कढई पाच मिनिटे निवू द्यावी, तळाशी राहिलेली फोलपटे पुसून काढावीत, कारण तीच आधी पेटतात, आणि मगच पुढचे दीडशे ग्रॅम दाणे मोजायला घ्यावेत.